आईच्या नडगीवर पिवळट चट्टा, नेक्रोबायोसिस लिपॉइडिका कुणाला आहे का?

कोपरखैरणे_१४
आई ५४ वर्षांची, शुगर नऊ वर्षं, टाइप २, गोळ्या चालू. दीड वर्षापूर्वी उजव्या नडगीवर वाटाण्याएवढा लालसर डाग आला, आम्हाला वाटलं नायटा, मेडिकलवाल्याने ट्यूब दिली ती चार महिने लावली आणि डाग पसरतच गेला. आता तळहाताएवढा झालाय, मध्ये पिवळट, मेण लावल्यासारखा चकचकीत, कातडी इतकी पातळ की आतल्या बारीक शिरा दिसतात, कडेला जांभळट लाल. दुखत नाही, खाजत नाही. वाशीच्या स्किनच्या डॉक्टरांनी बघून हे नाव सांगितलं. तीन महिन्यांची शुगर ७.१ आहे, तरी येणारा जाणारा "गोड खात असणार" म्हणतो आणि आई कुणी आलं की साडी पार घोट्यापर्यंत ओढून बसते. बघवत नाही. हे जातं का?

ऐरोली_ताई
अगं आईंना आधी सांग की यात त्यांची काही चूक नाही. मला टाइप १, चौदाव्या वर्षापासून इन्सुलिन, दोन्ही नडग्यांवर हेच, आठ वर्षं झाली. माझी शुगर मस्त कंट्रोलमध्ये होती तेव्हाही चट्टा वाढला आणि परीक्षेच्या काळात शुगर बिघडली तेव्हा होता तसाच राहिला. शुगर सांभाळायचीच, डोळे किडनीसाठी तरी, पण चट्टा त्या आकड्यावर चालतोच असं नाही. आणि ती मेडिकलची ट्यूब बंद केलीत ना? नायट्याच्या बऱ्याच ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं, आधीच पातळ कातडी अजून पातळ होते.

त्वचा_ओपीडी
ठाण्यात स्किनची प्रॅक्टिस करते. हा आजार डायबेटिसवाल्या हजारात तिघांना वगैरे होतो, बायकांमध्ये जास्त. कातडीतलं कोलॅजन, म्हणजे तिला बळकटी देणारे धागे, खराब होतं, बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड होतात. १९२९ मध्ये ओपनहाइम यांनी वर्णन केलं, पण सगळ्यांना हमखास लागू पडेल असा इलाज आजही नाही. कडेचा लाल भाग म्हणजे आजार चालू आहे, तिथे स्टेरॉइडचं क्रीम किंवा बारीक इंजेक्शन देतात, मधल्या पिवळ्या पातळ भागावर नाही. टॅक्रोलिमस मलम, पेंटॉक्सिफायलिनच्या गोळ्या, लाइट थेरपी, हे पेशंट बघून ठरवतात. वाढ थांबली तरी मोठं यश, पिवळटपणा बहुतेक राहतो. बायोप्सीची, म्हणजे तपासायला कातडीचा तुकडा काढल्याची, जखम तिथे भरायला त्रास देते, म्हणून शंका असेल तरच करतात. साधारण तिघांत एकाला चट्ट्यावर जखम होते, ते टाळायचं. जुनी जखम भरतच नसेल तर दाखवा, क्वचित त्यात कॅन्सर होतो.

घोडबंदर_रोड
जखमेचं अगदी खरंय. सासूबाईंना ठाणे-वाशी लोकलमध्ये चढताना कुणाच्यातरी डब्याच्या पिशवीचा कोपरा नडगीला लागला, चट्ट्यावर नखाएवढं खरचटलं, ते भरायला पाच महिने गेले. शेजारणीच्या सांगण्यावरून आम्ही हळद दाबली, ती चिकटून बसली आणि काढताना सालच निघालं, अजून आठवलं की अंगावर काटा येतो. मग सिस्टरने न चिकटणारं ड्रेसिंग शिकवलं, सलाइनने ओलं करून हळूच सोडवायचं. त्यांना चटका लागलेलाही कळत नाही, म्हणून रोज रात्री पाय उजेडात मीच बघते. आता पलंगाच्या लाकडी कोपऱ्याला जुनी गोधडी बांधलीय, बाहेर जाताना जाड मोजे. पायाला घट्ट मोजे घालायचे असतील तर आधी रक्तपुरवठा तपासून घ्या, आमच्या डॉक्टरांनी तपासूनच दिले.

कोपरखैरणे_१४
ट्यूब आजच फेकली. आमच्या पलंगाचा कोपरा नेमका तिच्या नडगीच्या उंचीला येतो, हे इतकी वर्षं डोक्यातच आलं नाही. ताई, तुमचा मेसेज आईला वाचून दाखवला, ती काही बोलली नाही, पण परत एकदा वाच म्हणाली.