रशियातील गव्हर्नर निवडणुका: सह्यांची अट विसरू नये

२०१२ साली थेट निवडणूक परत आल्याने रशियातील प्रांतांना आपला गव्हर्नर निवडण्याचा हक्क मिळाला, असे म्हटले जाते; हे मत मला अर्धेच पटते. (तेथील गव्हर्नर आपल्या राज्यपालांसारखा नामधारी नसतो, प्रांताचा कारभार तोच चालवतो.) दक्षिण रशियातील बेसलान गावच्या शाळेत दहशतवाद्यांनी मुलांना ओलीस धरले, त्या हत्याकांडानंतर २००४ साली काढून घेतलेला हा हक्क परत देताना कायद्याने एक अट घातली: उमेदवाराने ५ ते १० टक्के स्थानिक लोकप्रतिनिधींच्या सह्या आणल्याच पाहिजेत. हे प्रतिनिधी बहुतांशी सत्ताधारी ‘युनायटेड रशिया’चेच असल्यामुळे रिंगणात कोण उतरणार हे मतदारांच्या आधी तोच पक्ष ठरवतो.

तरीही सप्टेंबर २०१८ मध्ये, निवृत्तीचे वय वाढवण्यावरून लोक संतापलेले असताना, अतिपूर्वेकडील प्रिमोर्ये प्रांतात जे घडले ते विसरता येत नाही. दुसऱ्या फेरीची सुमारे ९५ टक्के मोजणी होईपर्यंत कम्युनिस्ट उमेदवार आंद्रेई इश्चेन्को आघाडीवर होते. अखेरच्या थोड्या केंद्रांचे आकडे येताच सत्ताधारी पक्षाचे उमेदवार, हंगामी गव्हर्नर तारासेन्को पुढे गेले. गैरप्रकारांमुळे निकाल रद्द झाला खरा, पण डिसेंबरच्या फेरनिवडणुकीत इश्चेन्को यांची उमेदवारी नेमकी त्या सह्यांवरच अडली. शेजारच्या खाबारोव्स्क प्रांतात मात्र सत्ताधारी पक्षाबाहेरचे सेर्गेई फुर्गाल गव्हर्नर म्हणून निवडून आले. जुलै २०२० मध्ये त्यांना अटक झाली, तेव्हा ‘मी, आम्ही फुर्गाल’ असे फलक घेऊन हजारो नागरिक आठवड्यामागून आठवडे रस्त्यावर उतरत राहिले.