मदत हवी आहे: हा गोल पांढरा शिंपला डोसिनिया वंशातला आहे का? त्यातली नेमकी जात कशी ठरवू?

ओहोटीनंतर वाळूत सापडलेल्या एका शिंपल्याची ओळख पटवायची आहे. झडप (शिंपल्याच्या दोन भागांपैकी एक) एकच आहे. नुसत्या फोटोवरून ‘पांढरा शिंपला’ यापलीकडे जाता येत नाही, म्हणून दिसतंय ते सविस्तर लिहिते.

आकार जवळजवळ गोल, बशीसारखा चपटा, उंची ४६ मिमी. बाहेरून बारीक समकेंद्री वरंबे, मधल्या भागात सेंटिमीटरला साधारण १२. चोचीपासून (बिजागरीजवळच्या टोकापासून) कडेकडे जाणाऱ्या उभ्या रेघा अजिबात नाहीत. चोच पुढे झुकलेली, तिच्या पुढ्यात खोल, बदामाच्या आकाराचा ठसा (हाच ल्युन्यूल ना?). चोच वर आणि तिचं टोक माझ्यापासून दूर धरलं की पोकळ बाजू उजवीकडे येते, म्हणजे झडप डावी.

बिजागरीत तीन मुख्य दात आहेत आणि त्यांच्या पुढे एक बारीक उंचवटा. आतली कड गुळगुळीत. मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो पॅलियल सायनस, म्हणजे झडपेच्या आत कडेलगत असलेल्या रेषेला पडलेली खाच: खोल, टोकदार, जिभेसारखा वर चढत गेलेला. तो आहे म्हणून ल्युसिनिडी कुळ बाद केलं. तिथलेही शिंपले असेच गोल आणि पांढरे असतात, पण त्यांत सायनस नसतो आणि पुढच्या स्नायूचा ठसा लांबट असतो. चोचीखाली चमच्यासारखा खड्डा नाही, त्यामुळे मॅक्ट्रा हा दुसरा वंशही नाही.

डोसिनियापर्यंत पोचले ते बरोबर आहे का? आणि पुढे जात ठरवायला काय बघू? चोचीजवळ एक गोल भोक आहे, बाहेरून रुंद आणि आत निमुळतं. त्याचा ओळखीशी काही संबंध?

प्रतिसाद

डोसिनियाच. खोल ल्युन्यूल, चढता सायनस आणि डाव्या झडपेतला तो पुढचा उंचवटा, तिन्ही एकत्र आल्यावर शंका उरत नाही. भोक नॅटिसिडी कुळातल्या शिकारी गोगलगायीने पाडलेलं दिसतं. ओळखीला त्याचा उपयोग नाही, पण नोंद जरूर ठेवा.

जातीसाठी आधी समुद्र कोणता ते सांगा, त्याशिवाय पुढे जाता येणार नाही. वरंबे मोजलेत हे फार चांगलं केलंत. पश्चिम अटलांटिकमधल्या डोसिनिया डिस्कसमध्ये ते सेंटिमीटरला सुमारे २० असतात, डोसिनिया एलिगन्समध्ये ८ ते १०, आणि या दोन जाती मुख्यतः त्यावरूनच वेगळ्या करतात. मात्र झिजलेल्या जागी मोजू नका. रंगावरही विसंबू नका, उन्हात पडलेलं कवच पांढरं पडतंच.

आणखी दोन फोटो टाका: एक बिजागरीचा अगदी जवळून, दुसरा चोचीमागच्या कडेचा वरून. वरंबे मागच्या कडेला पापुद्र्यासारखे उभे राहतात का, तेही बघा. सायनस फोटोत उठून दिसत नसेल तर प्रकाश एका बाजूने, तिरका पाडा.