'ध्रुवीकरण' आणि 'मध्यममार्ग': नेमका शब्द कुठला?

प्रश्न
एका लेखाचं संपादन करते आहे. विषय राजकीय ध्रुवीकरणाचा. त्यात मध्यममार्ग, सुवर्णमध्य, समन्वय, तडजोड हे शब्द लेखकाने आलटून पालटून वापरलेत, जणू सगळे एकाच माळेचे मणी. वाचताना खटकतं, पण बोट ठेवता येत नाही. जाणकारांनी उलगडून सांगावं.

प्रतिसाद
आधी 'ध्रुवीकरण'च तपासा. निवडणुकीच्या बातम्यांत 'मतांचं ध्रुवीकरण' म्हणजे एखाद्या गटाची मतं एकगठ्ठा एका पारड्यात पडणं. तिथे त्याचा विरुद्धार्थी शब्द 'मतविभाजन'. 'समाजाचं ध्रुवीकरण' म्हणताना मात्र आपल्याला लोक दोन टोकांना पांगलेत असं सुचवायचं असतं. गोळा होणंही तेच आणि पांगणंही तेच!

शिवाय पांगणंही दोन तऱ्हांचं. त्यासाठी आपल्याकडे जोडी तयारच आहे: मतभेद आणि मनभेद. अमेरिकेतले राज्यशास्त्रज्ञ शांतो अय्यंगार आणि सहकाऱ्यांचा २०१२ सालचा निबंध नेमका याच फरकावर आहे. आपलं मूल विरुद्ध पक्षाच्या माणसाशी लग्न करणार असेल तर वाईट वाटेल का, असा प्रश्न अमेरिकेतल्या पाहण्यांत विचारला गेला होता. १९६० साली 'हो' म्हणणारे ५ टक्क्यांच्या आसपास होते. २०१० मध्ये रिपब्लिकनांपैकी जवळजवळ निम्मे आणि डेमोक्रॅटांपैकी सुमारे एक तृतीयांश 'हो' म्हणाले. यात कर किंवा आरोग्यधोरण कुठे आलं? हा सरळ सरळ मनभेद. त्यावर 'मधलं धोरण' हा उतारा कसा चालेल?

प्रतिसाद
मराठीत मधल्या माणसाच्या वाट्याला शिव्याच जास्त आल्यात बुवा. तळ्यात-मळ्यात करणारा, दोन्ही डगरींवर हात ठेवणारा, गुळमुळीत, बोटचेपा. 'कुंपणावरचा' तेवढा इंग्रजीतून आलेला.

प्रतिसाद
त्यात 'मवाळ'ही घाला. आणि मवाळ-जहाल या जोडीबद्दल टिळकांनीच २ जानेवारी १९०७ रोजी कलकत्त्याच्या भाषणात सांगून ठेवलंय की हे शब्द काळाशी बांधलेले आहेत; आजचे जहाल उद्याचे मवाळ ठरतील, जसे आजचे मवाळ काल जहाल होते. त्याच वर्षाच्या डिसेंबरात सुरतेला काँग्रेस फुटली आणि १९१६ साली लखनौला दोन्ही गट पुन्हा एकत्र आले. लखनौला जे घडलं त्याला मी समेट म्हणेन. 'मध्यममार्ग' म्हणणार नाही, कारण कुणी मोजपट्टी घेऊन दोन भूमिकांच्या बरोबर मधे जाऊन उभं राहिलं नव्हतं.

माझ्या मते तुमच्या खटकण्याचं मूळ इथेच आहे. मध्यममार्ग हा बुद्धाचा शब्द. एकीकडे सुखोपभोग, दुसरीकडे देहदंड, दोन्ही टाळून जायची वाट. सुवर्णमध्याशी ॲरिस्टॉटलचं नाव जोडलं जातं: भित्रेपणा आणि आततायीपणा यांच्या मधलं धैर्य. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकाच माणसाने कसं वागावं हा आहे. समोर दुसरा पक्ष लागतच नाही. तडजोड आणि समेट यांना मात्र दोन पक्ष लागतात, आणि कुणीही आपली जागा न सोडता ते होऊ शकतात.

उत्तर आयर्लंडचं उदाहरण बघा. १९९८ च्या गुड फ्रायडे शांतता करारानुसार तिथल्या विधानसभेत सदस्यांनी आपली नोंद युनियनिस्ट (ब्रिटनबरोबर राहू इच्छिणारे), नॅशनलिस्ट (आयर्लंडशी एकीकरण हवं असणारे) किंवा 'इतर' अशी करायची. महत्त्वाच्या ठरावांना दोन्ही गटांची संमती लागते: एक तर दोन्हींत स्वतंत्र बहुमत, नाही तर एकूण ६० टक्के आणि प्रत्येक गटातले किमान ४० टक्के. म्हणजे 'इतर' म्हणवणाऱ्यांचं मत गटाच्या हिशेबात धरलंच जात नाही. नोव्हेंबर २००१ मध्ये तिथल्या सरकारचे प्रमुख (फर्स्ट मिनिस्टर) म्हणून डेव्हिड ट्रिंबल यांच्या फेरनिवडीला युनियनिस्ट मतं कमी पडली, तेव्हा मधल्या अलायन्स पक्षाच्या काही सदस्यांनी तात्पुरती आपली नोंद 'युनियनिस्ट' अशी करून घेतली आणि गाडं पुढे सरकलं. मधल्यांनी मधली जागा सोडली म्हणून समेट टिकला! अशा प्रसंगाला 'मध्यममार्ग' म्हटलं तर वाचकाला काय कळणार?

प्रश्नकर्ती
वा, हे पटलं. मग 'तडजोड'च ठेवू सगळीकडे?

प्रतिसाद
सगळीकडे नको. कोर्टात 'दावा तडजोडीने मिटला' यात कमीपणा नाही, पण पुढाऱ्याने तडजोड केली म्हटलं की तत्त्व विकल्याचा वास येतो. तिथे 'देवाणघेवाण' बरा. 'समेट' भांडण मिटल्यावर. 'सामोपचार' ही रीत झाली, निष्पत्ती नव्हे. 'सामोपचाराने' असाच वापरा. 'समन्वय' आता कचेऱ्यांनी पळवलाय. समन्वय समिती म्हटलं की बैठकीचं इतिवृत्तच डोळ्यांपुढे येतं. 'मध्यममार्गी' मात्र पक्षांच्या वर्णनात रुळलाय, तिथे राहू द्या.

प्रश्नकर्ती
आभार. 'सुवर्णमध्य' सगळीकडून काढतेय. शीर्षकातलं 'ध्रुवीकरण' ठेवते, पण चौथ्या परिच्छेदापाशी लेखकाला फोन करावा लागेल. तिथे बहुतेक एकगठ्ठा मतदानाबद्दल चाललंय, आणि उपाय म्हणून सुचवलाय 'परस्परांशी संवाद'.