पाचशेच्या नोटेत माझे काय चुकले?

प्रश्न : जुळे सोलापूरकर

मी निवृत्त शिक्षक आहे. आमच्या गल्लीत गेली सहा-सात वर्षे एक मावशी दर गुरुवारी डोक्यावर पाटी घेऊन कडक भाकरी विकायला येत असत. गेल्या महिन्यात पारा बेचाळीस अंशांच्या पुढे गेला असताना त्या भर दुपारी दारात आल्या, तेव्हा त्यांच्या चपलेचा अंगठा तुटलेला होता आणि तो त्यांनी चिंधीने बांधून घेतला होता. मला राहवले नाही. शेजारचे दोघे जण फाटकाशी उभे होते, त्यांच्यासमोरच मी पाचशेची नोट मावशींच्या हातात ठेवली आणि म्हणालो, "भाकरी राहू द्या मावशी, आज घरी जाऊन जरा पडा." त्यांनी नोट पदराच्या टोकाला बांधली आणि एरवी मागून पाणी पिणाऱ्या त्या बाई पाणी न पिताच पाटी उचलून निघून गेल्या. त्यानंतरचे चार गुरुवार त्या आमच्याकडे फिरकलेल्या नाहीत; मागच्या गल्लीतून त्यांची हाक मात्र ऐकू येते. माझ्या मनात वाईट काहीच नव्हते. मग चुकले कुठे?

उत्तर : विडी कामगाराची मुलगी

सर, नोट दिलीत हे चुकले नाही. भाकरी घेतल्या नाहीत, हे चुकले. त्या तुमच्या दारात माल घेऊन आल्या होत्या आणि तुम्ही चार लोकांसमोर तो माल नको म्हणालात.

माझी आई सोलापूरच्या पूर्वभागात विड्या वळत असे. कारखान्यातून पाने, तंबाखू आणि दोरा मिळायचा. पाने रात्री भिजवायची, सकाळी साच्याने कापायची आणि पंचवीस विड्यांचा एक याप्रमाणे चाळीस कट्टे बांधले की हजार विड्या व्हायच्या. मजुरी हजारावर मिळे आणि तपासणीत ज्या विड्या नापास होतील त्या 'छाट' म्हणून बाजूला पडत. शेजारच्या अव्वांना मोतीबिंदू झाल्यावर त्यांची छाट वाढू लागली. तेव्हा आई रांगेत उभे राहण्याआधी स्वतःच्या टोपलीतला एखादा कट्टा काढून त्यांच्या टोपलीत सरकवायची आणि म्हणायची, "अव्वा, हा उसना, लक्षात ठेवा बरं का." अव्वांना तो कट्टा कधीच परत करता आला नाही. मात्र त्या रोज सकाळी शाळेआधी माझी वेणी घालायला येत, नजर अधू असल्यामुळे बोटांनी चाचपून भांग पाडत, आणि तो भांग हमखास वाकडा पडत असे. आईने तो एकदाही सरळ केला नाही, आणि मलाही करू दिला नाही. 'मदत' हा शब्द आमच्या घरात मी त्या काळात ऐकल्याचे आठवत नाही.

उत्तर : रुग्णसेविका, सात रस्ता

वरील उत्तराशी मी सहमत आहे, तरी एक गोष्ट जोडावीशी वाटते. बौद्ध परंपरेत मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा असे चार ब्रह्मविहार सांगितले आहेत. आजच्या मराठीत उपेक्षा म्हणजे हेळसांड. तेथे मात्र तिचा अर्थ समोरच्याच्या सुखदुःखाने ढळून न जाणारे समत्व असा आहे. त्याच परंपरेत क्रौर्य हा करुणेचा दूरचा शत्रू मानला आहे आणि शोक हा जवळचा, कारण तो करुणेसारखाच दिसतो. तुटलेला अंगठा पाहून तुम्हाला जे असह्य झाले, ते मावशींचे दुःख होते की तुमची स्वतःची कालवाकालव, हे एकदा तपासून पाहावे. मीही त्यात अनेकदा सापडले आहे.

आमच्या वॉर्डात सीमेपलीकडच्या गावांतून कन्नड बोलणारे नातेवाईक येतात. रुग्णाला दुसऱ्या मजल्यावर हलवले, एवढेच कोणी कन्नडमध्ये न सांगितल्यामुळे एक आजोबा तासभर रिकाम्या खाटेजवळ रडत बसले होते. मी त्यांच्यासाठी चहा आणला, बिस्किटे आणली आणि स्वतःवर खूश झाले. शेवटी सफाईचे काम करणाऱ्या बाईंनी दोन वाक्ये कन्नडमध्ये सांगितली, तेव्हा ते उठले. डॉ. द्वारकानाथ कोटणीस या शहरात जन्मले, १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि १९४२ साली तेथेच वारले; त्यांचे नाव आम्ही अभिमानाने घेतो. पण सेवा म्हटले की एवढेच मोठे काहीतरी डोळ्यांसमोर येते आणि त्या दोन वाक्यांची आठवण आम्हाला उशिरा होते, ही माझी तक्रार प्रथम माझ्याशीच आहे.

उत्तर : यंत्रमागवाला

एवढा विचार कशाला, असे प्रथम वाटले. गरज होती, पैसे मिळाले. पण 'उसने' या शब्दावर मी अडखळलो. शेजारणींमध्ये उसने ठीक आहे, कारण दोघींच्या टोपल्या सारख्याच असतात. आमच्या धंद्यात त्याच व्यवहाराला उचल म्हणतात. लग्नाला, दवाखान्याला मालक उचल देतो, तेव्हा तो देवमाणूस वाटतो. आणि पुढे दुसऱ्या कारखान्यात चार पैसे जास्त मिळत असले तरी ती फिटेपर्यंत कामगाराला जाता येत नाही. माझ्या वडिलांनी अशा उचली दिल्या, मीही दिल्या, आणि त्या देताना आमच्या मनात दयाच होती, हे मी शपथेवर सांगू शकतो. आता मी उचल देणे बंद केलेले नाही, पण ती मजुरीतून कापण्याचे बंद केले आहे, आणि आठवड्याचा पगार बाजाराच्या आदल्या संध्याकाळी देतो, म्हणजे कोणाला भाजीसाठी हात पसरावा लागत नाही. याला कोणी दया म्हणत नाही. सरांनी जाऊन भाकरी विकत घ्याव्यात, भाव करू नये आणि त्या पाचशेचा विषय आपण होऊन काढू नये.

प्रश्नकर्त्याकडून : जुळे सोलापूरकर

काल गुरुवार होता. हाक ऐकून मी मागच्या गल्लीत गेलो आणि दहा भाकरी मागितल्या. मावशींनी फडके बाजूला करून भाकरी मोजल्या आणि त्यांतली एक कडेला तुटलेली निघाली, म्हणून ती बदलून दिली. मी पाकीट काढले, तेव्हा त्यांनी हातानेच थांबवले. "तुमचे पाचशे माझ्याकडं जमा हैत गुरुजी. त्यातून वळते करून घेते," असे म्हणून त्यांनी पाटीतल्या जुन्या वहीचे पान मला दाखवले. त्यावर त्यांच्या नातवाच्या अक्षरात 'गुरुजी ५००' असे लिहिलेले होते आणि तारीख त्याच दिवसाची होती.

मी काही बोललो नाही. यंत्रमागवाल्यांचा सल्ला ऐनवेळी आठवला, हे नशीब.

पायांत नवी चप्पल होती. ती कशातून आली, हे मी विचारले नाही. निघताना त्यांनी पाणी मागितले. घर मागच्या गल्लीत नसल्यामुळे मी तेथल्याच एका दारावर तांब्या मागून आणला. जमा रक्कम फिटेपर्यंत दर गुरुवारी भाकरी येणार आहेत आणि आमच्याकडे खाणारी माणसे दोनच आहेत, त्यामुळे सौभाग्यवतींनी आजच शेंगांची चटणी जास्तीची कुटायला घेतली आहे.