क्रीडादिनाच्या नाचासाठी गाणं कसं निवडावं? (मोठा शिशू आणि पहिली)

खडूफळा
डिसेंबरात क्रीडादिन आहे. मोठ्या शिशूची ४० मुलं, पहिलीची ४८. नाच मैदानावर, प्रत्येकी साधारण अडीच मिनिटं. साउंडवाल्याचे दोन कर्णे असतील. मोठ्या शिशूला कोळीगीत आणि पहिलीला लेझीम असं डोक्यात आहे. सध्या गाजणाऱ्या गाण्यांची पालकांची यादी येऊन पडलीच आहे. गाणं निवडताना नेमकं काय बघायचं? लय, लांबी, कुठे कापायचं, सगळंच सांगा.

ठेकेदार
शब्द नंतर, आधी लय मोजा. गाण्यावर टाळ्या द्या, १५ सेकंदांत किती पडतात ते मोजा आणि चारने गुणा. २८ टाळ्या आल्या तर लय ११२. मोठ्या शिशूसाठी १०५ ते १२० बरी. संथ गाणं मुलांना सोपं जातं हा गैरसमज आहे. ८०च्या लयीत पाच वर्षांचं मूल दोन ठोक्यांच्या मधे थांबतच नाही, पुढे पळतं, आणि रांगेत प्रत्येक जण आपापल्या वेगाने पळतो. १४०च्या वर गेलात तर हात डोक्यापर्यंत पोचायच्या आत खाली येतात. पाय दर ठोक्याला आणि हात दर दोन ठोक्यांना, एवढं धरून बसवा.

मग आठांचा हिशेब. आठ ठोक्यांचा गट म्हणजे एक ‘आठ’. ११२च्या लयीत अडीच मिनिटं म्हणजे २८० ठोके, म्हणजे ३५ आठ. कडव्यांत पाच हालचाली ठेवा. प्रत्येक हालचाल दोन आठ उजवीकडे, दोन आठ डावीकडे. झाले २० आठ. ध्रुवपदाला एकच ठरलेली हालचाल, चार-चार आठ तीनदा, म्हणजे १२. उरले तीन. पहिला आठ नुसतं उभं राहून ऐकायला, शेवटचे दोन खाली बसून हात वर करायला. यात सातवी हालचाल घुसवायचा मोह होतो, तिथेच नाच फिसकटतो.

कोळीगीताचं मात्र वेगळं आहे. पुष्कळशी कोळीगीतं सहा मात्रांच्या झोक्यावर चालतात. तिथे मात्रा मोजून आठ पाडलेत तर तिसऱ्या ओळीपर्यंत पाय भलतीकडेच असतात. मात्रा नका मोजू, झोके मोजा. तीन मात्रांचा एक झोका, एका झोक्याला एक पाय. आठ झोके म्हणजे सहा मात्रांची चार आवर्तनं. वल्ही मारायची हालचाल यावर आपोआप बसते, एका झोक्यात ओढायचं आणि दुसऱ्यात परत न्यायचं. वरचा १०५ ते १२०चा हिशेबही इथे झोक्यांना लावा.

भोंगा
ठेकेदारांशी सहमत, पण हे सगळं कर्ण्यातून ऐकू आलं तर. कर्ण्यातून खर्ज जवळजवळ येतच नाही. हल्लीच्या बऱ्याच गाण्यांचा ठेका खालच्या धमधमीवर उभा असतो. हेडफोनवर तो छातीत वाजतो, मैदानावर नाहीसा होतो, आणि मुलं नुसत्या गाण्याच्या सुरावर चाचपडतात. ताशा, हलगी, झांज, टाळ्या, घुंगरू यांचा आवाज कर्ण्यातून लख्ख येतो. घरच्या घरी चाचणी अशी: गाणं मोबाईलच्याच स्पीकरवर लावा, पंधरा पावलं लांब जाऊन पाठ करून उभे राहा. तिथून ठेक्यावर टाळी देता आली तर गाणं घ्या.

‘गायन काढलेले’ ट्रॅक उतरवून घेणार असाल तर आणखी एक भानगड आहे. त्यातले काही डाव्या बाजूतून उजवी वजा करून बनवलेले असतात. कर्ण्याला दोन्ही बाजू एकत्र करून जातात, तेव्हा उरलेलं संगीतही एकमेकांना खाऊन टाकतं आणि मैदानावर फक्त खरखर. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅक आधी मोनो करून, म्हणजे दोन्ही बाजू एकत्र करून ऐका. ऐकू आला तरच पुढचं बोला.

खडूफळा
दोन कर्णे मैदानाच्या दोन टोकांना लावले तर सगळ्या मुलांना सारखं ऐकू जाईल ना?

भोंगा
अजिबात नको. आवाजाला ३४ मीटर जायला साधारण सेकंदाचा दहावा भाग लागतो. ५० मीटरवरच्या कर्ण्याचा ठोका ०.१५ सेकंद उशिरा येतो, म्हणजे ११२च्या लयीत पाव ठोक्याहून जास्त. मधल्या मुलांना तसा फारसा फरक पडत नाही, टोकाच्या रांगांना मात्र प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येतो. दोन्ही कर्णे एकाच बाजूला, मुलांच्या समोर, शेजारी-शेजारी लावायला सांगा. साउंडवाला कुरकुर करेल, त्याला पालकांच्या मांडवाची काळजी असते. मांडव कर्ण्यांच्या मागेच असेल तर तिकडे वेगळा छोटा स्पीकर द्या, आवाज बेताचा.

रिबीनताई
शब्दांबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. या वयाची मुलं ताल विसरतात, शब्द विसरत नाहीत. ‘मासा’, ‘होडी’, ‘पाऊस’ असा हाताने दाखवता येणारा शब्द दर ओळीत एक तरी असावा. तो ऐकला की चुकलेलं मूल परत जागेवर येतं. नुसत्या वाद्यसंगीतात हा आधार नसतो, म्हणून मोठ्या शिशूला ते देऊ नये. पालकांच्या यादीतलं गाणं घ्यायचंच असेल तर सगळी कडवी कागदावर लिहून काढा. ध्रुवपद गोड आणि दुसऱ्या कडव्यात बाटली, असं फार वेळा निघतं.

गिरकी टाळा. पूर्ण गिरकी घेतल्यावर निम्मी मुलं मांडवाकडे पाठ करून थांबतात. त्याऐवजी चार उड्या, प्रत्येक उडीला पाव वळण. शिकवताना तोंड मुलांकडे असेल तर ‘उजवा’ म्हणताना तुमचा डावा वर करा. आणि उन्हाची दिशा आधी बघून ठेवा; सकाळी नऊला मुलं पूर्वेकडे तोंड करून उभी असली की अर्ध्यांचा एक हात कायम कपाळावर.

हलगी
पहिलीच्या लेझमीला रेकॉर्ड लावूच नका. ४८ लेझमींचा खुळखुळाट सुरू झाला की कर्णा ऐकू येत नाही, मुलं शेजारच्या लेझमीच्या मागे जातात आणि मागची रांग अर्ध्या ठोक्याने मागे पडते. एक हलगीवाला समोर उभा करा. मुलं मागे पडली की तो लय धरून ठेवतो, रेकॉर्ड कोणासाठी थांबत नाही. लेझीम छोटी घ्या. मोठ्या शिशूला मात्र नको, साखळीत बोटं चिमटतात. त्यांना घुंगुरकाठी किंवा रुमाल.

ठेकेदार
हलगीचं पटलं, पण अर्धंच. सराव न केलेला हलगीवाला रंगात आला की लय चढवत नेतो. ११०ला सुरू झालेली १४०ला जाते आणि पहिलीची मुलं तिसऱ्या मिनिटाला दमतात. शेवटच्या निदान तीन सरावांना त्याला बोलवा. जमत नसेल तर रेकॉर्डच बरी, पण कडव्यात लेझीम नुसती धरून पावलं आणि वाजवायची फक्त ध्रुवपदाला.

हलगी
हेही चालेल. मात्र मग रेकॉर्ड ताशाची घ्या, गाण्याची नको.

खडूफळा
गाणं चार मिनिटांचं आहे, सुरुवातीला २० सेकंद नुसती बासरी. कापायचं कुठे? आणि मुलं मैदानात येताना काय लावायचं?

भोंगा
बासरी काढून टाका. तेवढ्या वेळात पुढची रांग खाली बसून माती खेळायला लागते. तिच्या जागी ताशाचे आठ ठोके जोडा, तीच मुलांची खूण. कापायचं ते समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या ठोक्यावर, ध्रुवपद संपून कडवं सुरू होताना. लय थोडी कमी करायची असेल तर ऑडॅसिटीत ‘चेंज टेम्पो’ वापरा. ‘चेंज स्पीड’ने आवाजाची पट्टीही खाली येते आणि गायिका म्हातारी वाटते. दहा टक्क्यांपलीकडे गेलात तर टेम्पोनेही ताशा फाटल्यासारखा होतो.

येण्याची धून वेगळी फाईल ठेवा. या वयाचं पाऊल सुमारे ४० सेंटीमीटरचं. ३० मीटर चालायला ७५ पावलं, ११२च्या लयीत ४० सेकंद. धून दोन मिनिटांची असू द्या आणि शेवटचं मूल चुन्याच्या खुणेवर पोचलं की आवाज हळूहळू उतरवा. खुणा दीड-दीड मीटरवर, ठिपक्यापेक्षा गोल बरा, ठिपका मुलं पायाने पुसतात.

रिबीनताई
सराव कापलेल्या ट्रॅकवरच घ्या, पहिल्या दिवसापासून. मूळ गाण्यावर शिकवून शेवटच्या आठवड्यात कापलेलं लावलं तर मुलं गाळलेल्या कडव्याची हालचाल करतातच.

खडूफळा
हक्कांचं काय? व्हिडिओ शाळेच्या चॅनलवर टाकायचाय.

ठेकेदार
प्रेक्षक फक्त विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि शाळेशी संबंधित मंडळी असतील तर शाळेच्या कार्यक्रमात गाणं वाजवायला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे. चॅनलवर टाकणं त्यात बसत नाही. तिथे गाजलेल्या गाण्याचा आवाज बंद होऊ शकतो. तुमच्याच हलगीवाल्याची लेझीम टाका, प्रश्न मिटला.

भोंगा
पेन ड्राइव्हचं राहिलं. फॅट-३२ मध्ये फॉरमॅट करा, साध्या मिक्सरना बाकीचे प्रकार वाचता येत नाहीत. एका पेन ड्राइव्हवर एकच गाणं, कारण मिक्सर ते संपलं की पुढचं आपोआप सुरू करतो. एकच फाईल असली तर तीच परत सुरू होते, म्हणून शेवटी ३० सेकंदांची शांतता जोडा. दुसरी प्रत मोबाईलवर, फ्लाइट मोडमध्ये, वायरने. ब्लूटूथ नको.

खडूफळा
यादीतली तीन गाणी मोबाईलच्या चाचणीतच गेली. चौथं कोळीगीत आहे, ११० झोके, झांज स्पष्ट येते. ते घेते. हलगीवाला शोधतेय.