तळकोकणात मानसशास्त्रज्ञांचा चर्चागट: केस कशी मांडायची, ओळख कशी राखायची?

कुडाळपट्टा
कणकवली, कुडाळ, सावंतवाडी या पट्ट्यात आम्ही पाच जण स्वतंत्र प्रॅक्टिस करतो. दोघे क्लिनिकल, तिघे समुपदेशनातले. सुपरव्हिजनसाठी पुण्या-मुंबईचे वरिष्ठ ऑनलाइन मिळतात, पण महिन्यातून एकदाच, आणि रोजच्या अडचणींना ते पुरत नाही. म्हणून दर पंधरवड्याला एकमेकांच्या केसेसवर बसायचं ठरवतोय. बैठक नुसत्या गप्पांवर जाऊ नये यासाठी काय करावं? इथे सगळे सगळ्यांना ओळखतात, मग गोपनीयता कशी पाळायची? आणि या तासांचे सीआरई गुण (नोंदणीच्या नूतनीकरणासाठी लागणारे, सततच्या शिक्षणाचे) मिळतात का?

रत्नागिरी_क्लिनिकल
पाच जण म्हणजे उत्तम. बैठक 90 मिनिटांची ठेवा आणि दोन केसेस घ्या. एकच घेतलीत तर प्रत्येकाची पाळी अडीच महिन्यांनी येईल, तोवर क्लायंट यायचा बंद झालेला असतो. एका केसला 40 मिनिटं द्या: 10 मांडणीला, 5 खुलाशाच्या प्रश्नांना, मग 15 मिनिटं बाकीचे आपसात बोलतात आणि मांडणारा गप्प बसून टिपतो, शेवटची 10 त्याची. उरलेल्या 10 मिनिटांत मागच्या केसेसचं पुढे काय झालं ते ऐकायचं. हा भाग पहिल्यांदा गळतो, आणि तो गळला की दिलेले सल्ले बरोबर होते की चूक हे कधीच कळत नाही.

मांडणाऱ्याने एकच प्रश्न लिहून आणावा. "हिचं काय करू?" असा प्रश्न घेऊ नका. "सहा सत्रं झाली, नवऱ्याचा विषय निघाला की मी घाईने गृहपाठाकडे वळतो, मी काय टाळतोय?" यावर गटाला काम करता येतं. सोबत सत्रातला आठ-दहा वाक्यांचा संवाद आठवेल तितका शब्दशः आणा. सारांशात क्लायंट काय म्हणाला ते येतं, आपण काय बोललो ते येत नाही, आणि गाडी बहुतेक तिथेच अडलेली असते.

बिघडतं ते खुलाशाच्या पाच मिनिटांत. "एक्सपोजर (भीतीच्या गोष्टीला हळूहळू सामोरं नेणं) करून पाहिलंस का?" हा सल्लाच आहे, मागे प्रश्नचिन्ह लावलंय इतकंच. वेळ पाहणाऱ्याने तिथेच थांबवावं, नाहीतर मांडणारा बचावात जातो आणि मूळ अडचण बाजूला राहते. वेळ पाहण्याचं काम आळीपाळीने करा. वरिष्ठ माणूस कायम त्या खुर्चीत बसला की बाकीचे त्यालाच हिशोब देऊ लागतात.

मांडणीत एक ओळ याला राखून ठेवाच: घरच्यांनी देवाला कौल लावला का, "बाहेरचं आहे" असं कोणी सांगितलं का, त्यावर काय केलं. औषध मधेच बंद होण्याचं कारण पुष्कळदा तिथे सापडतं. ते विचारलंच नाही तर गट "मोटिव्हेशन कमी आहे" म्हणून मोकळा होतो, आणि तो क्लायंटवर अन्याय आहे.

खाडीकाठ
गोपनीयतेबद्दल. नाव गाळलं म्हणजे ओळख लपली, असं आपल्याकडे होत नाही. आडनावावरून गाव, गावावरून वाडी, वाडीवरून घर कळतं. "हर्णैचा तांडेल, वय 41, धाकटा भाऊ बोटीवरून पडून गेला" एवढ्यावर दापोलीत कोणीही माणूस ओळखेल. त्याऐवजी असं मांडा: "जोखमीचं, अंगमेहनतीचं काम करणारा चाळिशीतला पुरुष, कामावर असताना डोळ्यांदेखत लहान भावाचा मृत्यू." अपराधी भाव समजायला एवढं पुरतं.

तपशील धूसर करा, खोटा करू नका. वयाऐवजी दशक, तारखेऐवजी "वर्षभरापूर्वी", गावाऐवजी काहीच नाही. पण भावाच्या जागी मित्र घातलात, तर गट वेगळ्याच दुःखावर चर्चा करत बसेल.

एवढं करूनही कोणाला ओळख पटतेय असं वाटलं, तर त्याने "मी या केसमधून बाहेर" एवढंच म्हणून उठावं. कारण सांगू नये, कोणी विचारू नये. कारण सांगितलं की ओळख पक्की होते.

"नाव न सांगता सहकाऱ्यांशी सल्लामसलत करीन" हे पहिल्या सत्रातच तोंडी सांगून संमतिपत्रात लिहून घ्या. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम 2017 च्या कलम 23 नुसार गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे. व्हॉट्सॲपवर फक्त तारीख-वेळ, केसचा एक शब्दही नाही. ऑनलाइन बसलात तर हेडफोन लावा, रेकॉर्डिंग बंद ठेवा. पावसाळ्यात रेंज गेली तर साधा कॉन्फरन्स कॉल चालतो.

नोंदणीवही
आपसातल्या बैठकांचे सीआरई गुण मिळत नाहीत. भारतीय पुनर्वास परिषदेने आधी मान्यता दिलेल्या कार्यक्रमांचेच गुण धरतात. क्लिनिकलवाल्या दोघांना दर 5 वर्षांनी नूतनीकरणासाठी 100 गुण लागतात, ते शेवटच्या वर्षावर ढकलू नका. कार्यशाळेची फी भरण्याआधी तिची मान्यता परिषदेच्या यादीत स्वतः पाहा, जाहिरातीवर विसंबू नका. तरीही बैठकीची तारीख, वेळ आणि हजेरी वहीत लिहा, केसचा मजकूर मात्र नको.

कुडाळपट्टा
मनापासून आभार. एक राहिलं: आत्महत्येची जोखीम दिसली तर पंधरवडा कसा थांबायचा?

रत्नागिरी_क्लिनिकल
थांबायचंच नाही. प्रत्येकाने गटातला एक जोडीदार ठरवावा आणि त्याच दिवशी त्याला फोन करावा. विचार, बेत, साधन आणि सोबत कोण आहे, हे चार मुद्दे बोलून नोंदवा. बागायतदाराच्या घरी फवारणीची औषधं पडवीत उघडी असतात, ती घरच्यांकरवी त्याच दिवशी हलवायला सांगा. जवळच्या मानसोपचारतज्ज्ञांचे नंबर आणि रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाचा नंबर प्रत्येकाच्या टेबलावर हवा. क्लायंटला आणि घरच्यांना टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 द्या, तो चोवीस तास चालू असतो.

मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर तो विषय गटाच्या मतावर सोडू नका. पोक्सो 2012 (मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) च्या कलम 19 प्रमाणे पोलिसांना कळवण्याची जबाबदारी ज्याला कळलं त्याची स्वतःची आहे. मुलाला आणि पालकांना हे कसं सांगायचं, यासाठी जोडीदाराची मदत जरूर घ्या, पण त्यापायी कळवणं लांबवू नका.