निसर्ग वादळात गावचं घर पडलं, घरपट्टी आजोबांच्या नावावर. मदत कुणाला मिळेल?

भांडुपकर:
नमस्कार. आम्ही भांडुपला राहतो, गाव श्रीवर्धन तालुक्यात. ३ जून २०२०च्या वादळात परसातला फणस माजघरावर आडवा झाला, पडवीची कौलं उडाली ती वेगळीच. घरात काकू एकटी असते, वय ६८. वेळेवर शेजाऱ्यांच्या स्लॅबच्या घरात गेली म्हणून वाचली. चार दिवस फोन लागला नाही. पाचव्या दिवशी शेजारच्या मुलाने टेकडीवर जाऊन रेंज पकडली आणि फोटो पाठवले. एका फोटोत देवाचा कोनाडा आहे, वर आढं नाही, नुसतं आभाळ, आणि समईत काठोकाठ पावसाचं पाणी. बाबांनी तो बघून फोन माझ्या हातात दिला. त्या रात्री ते जेवले नाहीत.

पंचनामा झालाय. पण काकूला सांगितलं की घरपट्टी सासऱ्यांच्या नावावर आहे, सगळ्या वारसांच्या सह्या आणा. वारस म्हणजे बाबा, काकू (काका गेले, मूलबाळ नाही) आणि पुण्याची आत्या. नुकसानही ‘अंशतः’ लिहिलंय म्हणे. लॉकडाऊनमुळे गावी जायला ई-पास लागतो, त्याचा अर्ज दोनदा नामंजूर झाला. इथे बसून काय करता येईल? आणि मनातलं सांगतो, काकूच्या नावाने पैसे आले तर उद्या घर तिचंच ठरेल का, ही बाबांना धास्ती आहे.

माजी तलाठी, दापोली:
आधी शेवटचं. वडिलांना सांगा, पंचनाम्यात नाव लागल्याने कुणी मालक होत नाही. घरपट्टीची पावतीसुद्धा मालकीचा पुरावा नसते. ही मदत डोक्यावर छप्पर नसलेल्या माणसासाठी आहे, हिश्शाची वाटणी नव्हे. ३१ वर्षांत मी कितीतरी घरं बघितली, जिथे मुंबईचे भाऊ सही देईनात आणि म्हातारं माणूस अख्खा पावसाळा ताडपत्रीखाली बसलं.

वडिलांनी आणि आत्यांनी संमतिपत्र द्यावं: घरात वहिवाट काकूंची, मदत त्यांच्या खात्यात जमा करावी, आमची हरकत नाही. सोबत दोघांच्या आधारची प्रत. काकूंचं बँक खातं आधारला जोडलेलं आहे ना, ते आजच विचारा, पैसे तिथेच अडकतात. वारस नोंद करायला घ्या, पण मदतीसाठी तिच्यावर थांबू नका. फेरफाराच्या नोटिशीलाच १५ दिवस जातात.

‘अंशतः’ हा शब्द मात्र सोडू नका. पूर्ण पडलेल्या घराला पूर्वी ९५,१०० रुपये होते, या वादळासाठी सरकारने दीड लाख केलेत. किमान १५ टक्के नुकसानीला १५ हजार. आढं आणि वासे मोडलेत, भिंत फुटलीय, तर तहसीलदारांच्या नावे फेरपंचनाम्याचा अर्ज द्या. आवकचा शिक्का मारलेली प्रत घेतल्याशिवाय काकूंनी तिथून हलू नये.

सुपारीची वाडी:
मी गिरगावात, घर दिवेआगरला. आमच्याकडेही आधी अंशतःच लिहिलं होतं, कारण पाहणी पुढच्या अंगणातून झाली आणि पुढची भिंत उभी होती. चुलत्याने माणसाला आतून फिरवलं, मग आकडा बदलला. फणस अजून उचलला नसेल तर उचलण्याआधी चारी बाजूंनी फोटो काढा, फोटोत काकू उभ्या हव्यात. मोडकी कौलं फेकू नका, एका कडेला रचून ठेवा. आणि वाडी असेल तर तिचा पंचनामा वेगळा होतो, तो घराच्या कागदात धरला जात नाही. आमच्या आजीला हे कुणी सांगितलंच नाही, माडांचा विषय आला तोवर निम्मे ओंडके जळणाला गेले होते.

भांडुपकर:
मनापासून आभार. दोन्ही उत्तरं बाबांना मोठ्याने वाचून दाखवली. “जळणाला गेले” इथे थांबवलं आणि म्हणाले, कागद आण. संमतिपत्र त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलंय, काकूचं नाव पहिल्या ओळीत. आत्या उद्या पुण्याहून कुरिअर करते आहे. काकूचं खातं आधारला जोडलेलं आहे, गॅसची सबसिडी त्यातच येते. फणस तसाच आहे, तोडायला माणूस परवा येणार होता, त्याला थांबवलाय. शेजारचा मुलगा उद्या सकाळी आतून फोटो काढेल. मिळाले की इथे टाकतो, टक्के किती धरावेत ते तलाठी काकांनी बघून सांगावं.